वेताच्या खुर्चीचा ड्युटी-चार्ट

आमच्या हिने एकतीस वर्षं उभ्याने काढली. हे मी अलंकारिक बोलत नाही. दवाखान्यात औषधं द्यायची जी खिडकी असते, तिच्या आतल्या बाजूला ती उभी असायची. ती खिडकी कुणा उंच माणसाने उंच माणसांसाठी बांधली असावी. आत खुर्ची टाकून बसलं तर बाहेरच्या रुग्णाचं फक्त कपाळ दिसतं, आणि नुसत्या कपाळाकडे बघून खोकल्याचं औषध देता येत नाही. खिडकी खाली घ्यावी म्हणून हिने नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अर्ज केला. उत्तर एकोणिसाव्या वर्षी आलं. ‘खिडकी नियमानुसार आहे,’ एवढंच त्यात होतं. तेव्हापासून हिने अर्ज करणं सोडलं आणि गुडघ्याला लावायचा मलम घरात आणून ठेवला.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, “मला एक खुर्ची पाहिजे.”

“घरात चार आहेत,” मी म्हणालो.

“त्या जेवायच्या टेबलाच्या. त्यांवर टेकलं की लगेच कुणीतरी मीठ मागतं. मला माझी पाहिजे. वेताची, विणलेली, पाठीला वारा लागेल अशी. बाल्कनीत ठेवीन आणि निवृत्त झाले की रोज संध्याकाळी तिच्यात बसेन.”

“आणि?”

“आणि काही नाही. बसेन.”

मागणी इतकी लहान होती की मला हिची दयाच आली. मी बस डेपोत ड्युट्या लावतो. दोनशे चाळीस ड्रायव्हर-कंडक्टर, त्यांच्या रजा, त्यांच्या सासवांची आजारपणं, हे सगळं एका तक्त्यात बसवायचं काम मी सव्वीस वर्षं करतोय. एक खुर्ची म्हणजे माझ्या हातचा मळ. “तू दमू नकोस,” मी म्हणालो, “मी एकटाच जाऊन घेऊन येतो. तू फक्त बसायचं.”

“बरं,” ती म्हणाली. आमच्या हिचं ‘बरं’ बारा प्रकारचं असतं. हे कितवं होतं ते त्या वेळी मला कळलं नाही.

घर बांधून बघावं नि लग्न करून बघावं असं म्हणणाऱ्या पूर्वजांनी शेजाऱ्यांना सांगून खुर्ची घेतलेली नसावी. मी जिन्यात नुसता उच्चार केला, तेवढ्यावर समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. या काकू माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत, पण सगळी इमारत त्यांना काकू म्हणते, त्यामुळे मीही म्हणतो. त्या म्हणाल्या, “वेत अजिबात घेऊ नका. आता सगळीकडे जलपर्णी चालते. तळ्यातली ती वेल वाळवून विणतात. माझ्या भाचीकडे अख्खा सोफा आहे.”

“तळ्यातल्या शेवाळावर बसायचं?” असा आवाज वरून आला. वरच्या मजल्यावर एक वकीलसाहेब राहतात. त्यांची वकिली सुटून बारा वर्षं झाली, पण युक्तिवाद सुटलेला नाही. वजन शंभराच्या पुढे आणि ते सगळं ते प्रत्येक मुद्द्यात घालतात. कठड्यावरून वाकून ते म्हणाले, “वेतच घ्या. पण बांबू आणि वेत यांतला फरक ठाऊक आहे का? बांबू पोकळ असतो, वेत भरीव असतो. दुकानदार बांबू दाखवून वेत म्हणतो. फसवणुकीचा सरळ गुन्हा आहे. टोकाकडून बघायचं. भोक दिसलं की उठायचं.”

दुकानात मी प्रत्येक खुर्ची उलटी करून टोकं बघितली. एक डोळा मिटून खुर्चीच्या पायाच्या बुडाशी बघणाऱ्या प्रौढ माणसाकडे गिऱ्हाइकं कशी बघतात, हे मला त्या दिवशी समजलं. दुकानदार मात्र सभ्य होता. त्याने मला सगळं दाखवलं. तागाच्या दोरीची बुटकी स्टुलं, सुतळीने विणलेली बाकं, मोराच्या पिसाऱ्याएवढी पाठ असलेलं एक सिंहासन, आणि छताला टांगलेली एक मोठी टोपली. तिच्यात बसून झुलायचं असतं म्हणे. “बसून तर बघा,” तो म्हणाला. मी बसलो. आत जाणं सोपं होतं. बाहेर यायला पाय जमिनीला लागावे लागतात, आणि टोपली तेवढीच मागे जाते. मी पुढे झुकलो की ती फिरायची आणि माझं तोंड भिंतीकडे व्हायचं. शेवटी दोन नोकरांनी टोपली धरली आणि तिसऱ्याने मला. त्या तिसऱ्याने माझे कपडेही झटकले, याची खरं तर गरज नव्हती.

त्यानंतर जी खुर्ची मला दिसली ती मात्र पाहताच मनात भरली. मधाच्या रंगाची, रुंद हातांची, पाठीला षट्कोनी जाळीची वीण. मी बसलो. पाय जमिनीवर नीट टेकले. पाठ नीट टेकली. उठावंसं वाटेना. दुकानदार पावती करता करता सहज म्हणाला, “नवीन वीण जरा कडक वाटेल. बसून बसून मुरते. एकाच जागी सारखं बसू नका, नाहीतर खळगा पडतो. आणि अधूनमधून ओलं फडकं फिरवा.”

बोलणारा सहज बोलून गेला. ऐकणारा ड्युट्या लावणारा होता.

पण खुर्ची घरात येण्याआधी सोसायटीचे सेक्रेटरी मधे आले. ते आमच्या बरोबर खाली राहतात आणि लिफ्टमधून सामान न्यायचा छापील फॉर्म त्यांच्याकडेच मिळतो. फॉर्मवर तीन रकाने होते: लाकडी, लोखंडी, प्लॅस्टिक.

“यातलं कुठलं?” त्यांनी विचारलं.

“वेत आहे.”

“लाकडी लिहू?”

“लाकूड नाही, वेल असते ती.”

“मग वनस्पती झाली. कुंड्यांचा फॉर्म वेगळा आहे.” ते विचारात पडले. “पण विणलेली आहे म्हणता. विणलेलं म्हणजे कापड. कापडाला फॉर्म लागत नाही. पण कापड लिहून उद्या वर खुर्ची निघाली तर उत्तर कुणी द्यायचं?”

हा प्रश्न कमिटीपुढे जाईपर्यंत खुर्ची तीन दिवस वॉचमनच्या खोलीत राहिली. चौथ्या दिवशी कमिटीने ‘इतर’ असा चौथा रकाना हाताने आखून परवानगी दिली. मी खुर्ची घ्यायला गेलो तेव्हा वॉचमन तिच्यात बसून इतका गाढ झोपला होता की मला त्याला दोनदा हलवावं लागलं. “साहेब, काय खुर्ची आहे,” तो डोळे चोळत म्हणाला. “पहिल्या दिवशी टोचत होती. आता बघा कशी मऊ झाली.”

मी बसून बघितलं. खरंच थोडी मऊ झाली होती. त्या क्षणी माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो पडला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

माझा विचार असा होता. आमची ही एकतीस वर्षं उभी राहिलेली बाई. निवृत्त होऊन पहिल्या दिवशी ती खुर्चीत बसणार, आणि खुर्ची तिला टोचणार? छे. निवृत्तीच्या दिवशी तिला तयार खुर्ची मिळाली पाहिजे. हाताशी आता एकच महिना उरला होता. खुर्ची मुरवायची, पण खळगा पडू द्यायचा नाही. म्हणजे वेगवेगळ्या वजनाची, वेगवेगळ्या बांध्याची माणसं आळीपाळीने बसली पाहिजेत. म्हणजे चार्ट केला पाहिजे.

चार्ट मी रविवारी सकाळी केला. आडव्या ओळीत वार, उभ्या ओळीत वेळा. माणसांचे तीन वर्ग: हलके, मध्यम, जड. जडानंतर लगेच जड द्यायचा नाही, मधे एक हलका, म्हणजे विणीला विसावा. सोमवारी साडेपाच ते सहा वकीलसाहेब, सहा ते साडेसहा काकू, नंतर मी. वॉचमनला त्याच्या अनुभवामुळे गुरुवारची दुपार. सगळ्यात खाली, महिन्याच्या शेवटच्या तारखेसमोर, मी लाल शाईने लिहिलं: ‘ही. कायम.’ लाल शाई डेपोत आम्ही फक्त फार मोठ्या ड्युटीला वापरतो. चार्ट मी फ्रिजवर लावला आणि हिला बोलावून दाखवला.

तिने तो खालपर्यंत वाचला. “म्हणजे महिनाभर सगळे बसणार, आणि मी शेवटी.”

“तुझ्यासाठीच तर चाललंय.”

“बरं,” ती म्हणाली.

पहिल्या आठवड्यात चार्टची कीर्ती तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. संध्याकाळचा बाल्कनीतला वारा, विणलेली खुर्ची, आणि वर चहा. कारण आपल्या घरी कुणी आपल्याच कामासाठी बसायला आलं, तर त्याला चहा विचारायला नको का? ही दवाखान्यातून सहाला यायची, पर्स खुंटीला लावायची आणि चहा टाकायची. वकीलसाहेब साडेपाचला यायचे, साडेसहापर्यंत उठायचे नाहीत. मी घड्याळ दाखवलं की म्हणायचे, “माझी उलटतपासणी पुरी व्हायचीय.” काकू वाटाण्याच्या शेंगा सोलायला घेऊन यायच्या आणि खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेवर बसायच्या. मी त्यांना मागे सरकायला सांगितलं, विणीसाठी. “मागे सरकले तर पातेलं सांडेल,” त्या म्हणाल्या. कुणी वार बदलून मागू लागलं, कुणी दुसऱ्याच्या नावावर येऊन बसू लागलं. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर रजेचा अर्ज दिला, दोन दिवस बाहेरगावी जातोय, पण माझी वेळ कुणाला देऊ नका म्हणून. डेपोत लोक ड्युटी चुकवायला अर्ज देतात. ड्युटी टिकवायला अर्ज माझ्या हयातीत पहिल्यांदा आला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

आता एकजण बसलेला असताना पुढचा ताटकळत राहणार, तर त्याला टेकायला काहीतरी पाहिजे. म्हणून मी तागाच्या दोरीची दोन स्टुलं आणली. स्टुलं बाल्कनीत मावेनात, म्हणून दिवाणखान्यात आली. दिवाणखान्यात त्यांच्या शेजारी आमचा रेक्झिनचा सोफा एखाद्या बेवारशी बॅगेसारखा दिसू लागला. काकू म्हणाल्या, “एकदा नैसर्गिक म्हटलं की सगळं नैसर्गिक पाहिजे.” मग सोफा पुतण्याकडे गेला आणि सुतळीचं बाक आलं. बाकाखाली जलपर्णीची चटई आली, तिच्यावर अनवाणी चाललं की पाय जमिनीपेक्षा स्वच्छ व्हायचे, कारण चामडीच निघायची. खिडक्यांना बांबूचे पडदे आले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसा आमचा मसाला भिंतीपर्यंत पोचला. शेवटी छताला विणलेल्या टोपलीचा दिवा आला. तो लावला की सगळ्या खोलीत जाळीची सावली पडायची. भिंतीवर जाळी, चहाच्या कपावर जाळी, माणसांच्या तोंडावर जाळी. वकीलसाहेबांना त्या दिव्याखाली पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, शेवटी कुठल्या तरी खटल्यात सापडले.

या सगळ्यात ही कुठे होती, असं कुणी विचारेल. तिथेच होती. ट्रे ठेवून खुर्चीच्या मागे उभी राहून सगळ्यांचं बोलणं ऐकायची, मधूनच हसायची. मी एकदा तिला म्हणालो, “स्टुलावर तरी बस.” ती म्हणाली, “कपच न्यायचेत आता.” मी पुढच्या आठवड्याचा चार्ट आखत होतो, त्यामुळे पुन्हा म्हणालो नाही.

तिसऱ्या आठवड्यात खुर्ची करकरू लागली. वकीलसाहेब बसले की करकर, उठले की करकर. “कोरडी पडलीय,” त्यांनी निकाल दिला. “पाणी मागतेय.” दुकानदाराने ओलं फडकं सांगितलं होतं. पण फडक्याने एवढ्या मोठ्या खुर्चीला काय होणार? मी झारी घेतली. सकाळी एक झारी, संध्याकाळी एक झारी, आणि बाल्कनीत तुळशीला घातलं की उरलेलंही तिलाच. करकर खरंच थांबली. मी हा शोध डेपोत सगळ्यांना सांगितला.

चार दिवसांनी सेक्रेटरींची लेखी नोटीस आली. त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टांवर वरून पिवळसर थेंब पडत होते. त्यांनी ते शर्ट पुरावा म्हणून दाखवले. डाग मधाच्या रंगाचे होते, खुर्चीच्याच. नोटिशीत ‘इतर’ या रकान्यातील वस्तूस पाणी घालणे नियमात बसते का, असा प्रश्न होता. वकीलसाहेबांनी माझ्या बाजूने चार पानी उत्तर लिहिलं, त्यात पाऊस हा वरूनच पडतो असा मुद्दा मध्यवर्ती होता. मी ते न देता शर्ट धुऊन दिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि वर तेच सेक्रेटरी मंगळवारच्या चार्टमध्ये ‘मध्यम’ म्हणून होते.

आणि निवृत्तीचा दिवस आला. मी रजा घेतली. चार वाजल्यापासून दिवाणखान्यात माणसं जमली होती, ज्यांनी ज्यांनी ड्युटी केली ते सगळे, कारण श्रमाचं फळ बघायचा त्यांचाही हक्क होता. खुर्ची मी बाल्कनीतून आत आणून बरोबर दिव्याखाली ठेवली. काकूंनी तिच्या हातांना फुलं बांधली. ही आली की थेट तिथे बसणार, असा कार्यक्रम होता.

सहाला दहा मिनिटं होती. मी म्हणालो, “एक शेवटची चाचणी घेतो.” डेपोत बस मार्गावर सोडण्याआधी घेतो तशी. मी बसलो. बसता क्षणी ‘कर्र’ असा आवाज आला. आणि मी जिथे बसलो होतो तिथे बैठक नव्हती. मी कमरेत घडी होऊन खुर्चीच्या चौकटीत खाली गेलो, पाय वर, गुडघे नाकाशी. पाय हलवले की आणखी खाली जायचो. वकीलसाहेबांनी एक हात धरला, काकूंनी दुसरा. सेक्रेटरींनी खुर्चीचे पाय धरले आणि “एकदम ओढू नका, क्रमाने ओढा,” असं सांगू लागले. त्याच वेळी दाराची कडी वाजली आणि कुणीतरी दार उघडलं.

ती दारात उभी होती. एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्या हातात दवाखान्याने भेट दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. तिने माझ्या पायांकडे बघितलं. मग चौकटीकडे, जिथून माझं डोकं दिसत होतं. टोपलीच्या दिव्याची जाळी आम्हा सगळ्यांवर पडली होती. ती हसेल असं मला वाटलं. तिने गुच्छ टेबलावर ठेवला, घड्याळ ठेवलं, पर्स खुंटीला लावली.

“चहा कुणाकुणाला?” तिने विचारलं.

महिनाभराच्या सवयीने सगळ्यांचे हात वर झाले. वकीलसाहेबांनी तर माझा धरलेला हात सोडून वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराने पाठवलेल्या वेतवाल्या मावशी आल्या. वेताच्या पट्ट्यांचं भेंडोळं खांद्यावर, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी चहा नको म्हटलं, एक बादली पाणी मागितलं, पट्ट्या भिजत टाकल्या, आणि खुर्ची उताणी करून जमिनीवर मांडी घातली. डॉक्टर जसा आधी नुसता बघतो तशा त्या बराच वेळ खुर्चीच्या पोटाकडे बघत राहिल्या. वकीलसाहेब देखरेखीला आलेच होते. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“घरात माणसं किती?” मावशींनी विचारलं.

“दोघं,” मी म्हणालो.

“खोटं नका बोलू, भाऊ. महिन्याची खुर्ची आहे आणि कमीत कमी दहा जण बसलेत. एकजण डावीकडे रेलून बसतो. जड आहे. उठताना सगळा भार या हातावर टाकतो, बघा सांधा कसा उघडलाय.”

“मी जरा खाली जाऊन येतो,” वकीलसाहेब म्हणाले आणि निघाले. ते वर राहतात.

“एक बाई पुढच्या काठावरच टेकते, रोज. एवढीच कड मेलीय. आणि पाणी कुणी घातलं?”

मी वर्गात करतात तसं बोट वर केलं.

“वेत पुसायचा असतो, शिंपायचा नसतो. ही काय लावलेली वेल आहे का? आतून कुजली बिचारी.”

माझी बाजू मांडणं भाग होतं. मी फ्रिजवरचा चार्ट काढून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. हलके, मध्यम, जड, सगळं समजावून सांगितलं. कशी ही एकतीस वर्षं उभी राहिली आणि कशी तिला मुरलेली खुर्ची मिळावी म्हणून हा सगळा खटाटोप केला, तेही सांगितलं. मावशींनी चष्मा चढवून चार्ट नीट बघितला.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमच्या नव्या चपला शेजाऱ्यांनी महिनाभर आळीपाळीने घालून मऊ करून दिल्या, तर घालाल?”

सव्वीस वर्षं मी ड्रायव्हरांशी वाद घातलाय. या वेळी मी चार्टची घडी करून खिशात घातली.

त्यांनी खुर्ची सरळ उभी केली. पाठीच्या वरच्या कडेला वेताची बारीक पट्टी गुंडाळलेली होती, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि थांबल्या. “आणि इथे,” त्या म्हणाल्या, “इथे कुणीतरी रोज मागून धरून उभं राहतं. बघा, पट्टी नखाने उकललीय. थोडी थोडी, रोजची. हात लहान आहे.” मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. “ताई, तुमचीच ना ही खुर्ची? एकदा तरी बसलात?”

ही पदराला हात पुसत राहिली.

मला लाज वाटली. टोपलीत अडकलो तेव्हा वाटली त्याहून जास्त, चौकटीत घडी झाली तेव्हा वाटली त्याहून कितीतरी जास्त. महिनाभर रोज संध्याकाळी दोन ते तीन तास मी त्या खुर्चीच्या समोर होतो. कोण किती कलतो, कोण किती जड आहे, सगळ्याची नोंद माझ्याकडे होती. मागे कोण उभं आहे, याची नव्हती. दवाखान्याने निदान एकोणिसाव्या वर्षी उत्तर तरी दिलं होतं.

“तू सांगायचंस ना,” मी म्हणालो.

“काय सांगायचं? तुम्ही इतकं मनापासून मांडलं होतं. लाल शाईने वगैरे.” मग म्हणाली, “आणि उभं राहायची मला सवय आहे. पण काल वाटलं थोडं वाईट. काल बसायचं असं ठरवून आले होते.”

मावशींनी संध्याकाळपर्यंत खाली मान घालून बैठक नवी विणली, उघडलेला सांधा बांधला, पाठीची पट्टी नवी गुंडाळली. जाताना मला बोटाने बजावलं, “उद्या दुपारपर्यंत वाळू द्या. कुणी बसायचं नाही. झारी माळ्यावर ठेवा. आणि उद्या पहिल्यांदा या ताई, नंतरही या ताई.”

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची बाल्कनीत ठेवली. चार्ट फाडला. दारावर पाटी लावली: ‘सर्व ड्युट्या रद्द. खुर्ची एकाच व्यक्तीला कायमची लावली आहे.’ साडेपाचला वकीलसाहेब आले, पाटी वाचली, आणि हा बदल किती दिवसांच्या पूर्वसूचनेने केला असं विचारू लागले. मी दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची ड्युटी रद्द करताना मी कारण दिलं नाही.

ही येऊन बसली. मागे रेलली. रुंद हातांवर हात ठेवले. आणि तिचे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळले.

आम्ही दोघांनीही ते पाय बघितले. दुकानात मी खुर्ची माझ्या पायांनी मापली होती. इमारतीतल्या प्रत्येक माणसाचं वजन मला तोंडपाठ होतं, आणि बायकोची उंची मी दुकानात नेलीच नव्हती. खिडकीचं जे झालं तेच पुन्हा झालं होतं, फक्त या वेळी नियमानुसार नव्हतं.

मी आत गेलो आणि तागाचं एक बुटकं स्टूल आणून तिच्या पायाखाली सरकवलं. पाय बरोबर बसले. सगळ्या खरेदीत तेवढी एकच वस्तू कामाला आली. मग मी चहा केला, मला येतो तसा, म्हणजे साखर विसरून. तिने घोट घेतला आणि साखरेचं नाव न काढता दुसरा घेतला. मी मागे खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. खाली रस्त्यावरून बसगाड्या जात होत्या, पण कुणाची ड्युटी कुठली हे मी मनात जुळवलं नाही. तिचा श्वास हळूहळू संथ झाला. मला वाटलं झोप लागली.

“अहो,” ती मागे न बघता म्हणाली.

“काय?”

“ती पट्टी उकलू नका. कालच बांधलीय.”

मी बघितलं तर खरंच माझं नख पट्टीच्या टोकाखाली होतं. मी हात काढून घेतला.

“आणि उभे का?” ती म्हणाली. “दुसरं स्टूल आहे ना आत.”

“असू दे,” मी म्हणालो, आणि तिचा चहा संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो.